बांबूचा चॉपिंग बोर्ड का उकलतो?

प्लास्टिकच्या चॉपिंग बोर्डवर भाजी चिरताना प्लास्टिकचे सूक्ष्म कण अन्नात मिसळतात, ही बातमी २०२३ सालापासून वेगवेगळ्या रूपांत आपल्यापर्यंत येत आहे. तिच्या मुळाशी अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील संशोधकांचे काम आहे. सुरी चालवल्यावर बोर्डमधून किती कण सुटतात हे त्यांनी मोजले आणि ते प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही, असे त्यांना आढळले. त्याच संशोधनात, प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या पेशींवर पॉलिएथिलीनच्या कणांचा ७२ तासांत विषारी परिणाम दिसला नव्हता, हा भाग मात्र बातम्यांतून बहुधा गळून जातो. काहीही असो, ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या पुष्कळ घरांत त्यानंतर प्लास्टिकचा बोर्ड गेला आणि बांबूचा आला.

एक-दोन पावसाळे गेल्यावर तक्रारी सुरू झाल्या. कुणाच्या बोर्डवर काळे ठिपके पडले, कुणाचा बोर्ड वाकून ओट्यावर डुगडुगू लागला, कुणाच्या पट्ट्या सुटल्या. माझा पहिला बोर्ड दुसऱ्या पावसाळ्यात, ऐन ऑगस्टमध्ये, मधोमध उकलला. ओळखीच्या एका सुतारकाकांना तो दाखवला, तेव्हा त्यांनी मला कंपनी विचारली नाही, किंमतही विचारली नाही. त्यांनी विचारले, "धुतल्यावर हा आडवा ठेवत होता का?" मी तो नळाजवळ ओट्यावर आडवाच ठेवत असे. त्यांचा प्रश्न नेमका होता हे समजायला मला बांबूविषयी बरेच वाचावे लागले, आणि जे समजले ते इथे मांडत आहे.

विळी होती तोवर हा प्रश्न नव्हता

विळीवर चिरताना पाते स्थिर असते आणि भाजी हातात असते. पाते कशावरही आपटत नाही, त्यामुळे खाली फळी लागत नाही. चिरलेले थेट ताटात पडते. उभ्याचा ओटा आला, मांडी घालून किंवा पाटावर बसून चिरणे मागे पडले, विळीच्या जागी सुरी आली आणि सुरीबरोबर तिच्याखाली काहीतरी ठेवण्याची गरज आली. म्हणजे पोळपाटाची निगा जशी आजीकडून आईकडे आणि आईकडून आपल्याकडे आली, तशी चॉपिंग बोर्डची निगा आपल्याला कुणी शिकवलेली नाही. आपण त्याला स्टीलच्या ताटासारखे वागवतो, आणि बिघाडाची सुरुवात तिथेच होते.

बांबू हे गवत आहे आणि बोर्ड हे जोडकाम आहे

बांबू हा भात, ऊस आणि ज्वारी यांच्याच कुळातला. झाडाचे खोड वर्षानुवर्षे जाड होत जाते, तसे बांबूचे होत नाही. कोंब जमिनीतून जेवढ्या जाडीचा निघतो, तेवढ्याच जाडीचा तो राहतो, दोन-तीन महिन्यांत आपली पूर्ण उंची गाठतो आणि पुढची तीन ते पाच वर्षे केवळ आतून कठीण होत जातो. कोवळा बांबू तोडला, तर तो दिसायला पक्क्यासारखाच असतो, पण त्याची पट्टी मऊ असते आणि वाळताना जास्त आक्रसते. पक्का बांबू कोणता हे बुरूड हातात धरून सांगू शकतो. तयार बोर्ड पाहून ते आपल्याला ओळखता येत नाही.

बाजारात मिळणारे बहुतेक बोर्ड मोसो नावाच्या, चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर लावल्या जाणाऱ्या जातीचे असतात. तो बांबू पोकळ असतो आणि त्याची भिंत जेमतेम एक सेंटिमीटर जाड असते, म्हणून त्यातून अखंड फळी निघूच शकत नाही. बांबू उभा चिरून त्याच्या कामट्या काढतात, त्या उकळतात, वाळवतात, चारी बाजूंनी रंधून सारख्या मापाच्या करतात आणि डिंक लावून मोठ्या दाबाखाली एकमेकींना चिकटवतात. उकळण्याला कारण आहे. बांबूत साखर आणि पिष्ट असते, ते तसेच राहिले तर भुंगा लागतो आणि पिवळसर पीठ पडू लागते. तोडलेला बांबू वाहत्या पाण्यात बुडवून ठेवण्याची जी जुनी रीत आहे, तीही त्यातली साखर आणि पिष्ट धुऊन निघावे यासाठीच.

साधारण २० सेंटिमीटर रुंदीच्या बोर्डात सहा मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या असतील, तर त्यात तीसहून अधिक पट्ट्या आणि जवळपास तेवढेच सांधे असतात. पोळपाट बहुधा एका लाकडाचा असतो. बांबूचा बोर्ड ही गोधडी आहे, आणि गोधडीचे आयुष्य कापडाइतकेच टाक्यांवर अवलंबून असते.

पाणी नेमके काय करते

लाकूड असो वा बांबू, दोन्ही हवेतून ओल घेतात आणि हवा कोरडी झाली की ती परत देतात. ओल घेताना ते फुगतात, देताना आक्रसतात. ही वाढघट लांबीच्या दिशेने नगण्य असते. ती रुंदीत आणि जाडीत होते. सगळा बोर्ड सारखा फुगला आणि सारखा आक्रसला, तर फारसे बिघडत नाही. बिघडते ते एक बाजू फुगलेली आणि दुसरी आक्रसलेली असताना.

उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळत घातलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. उन्हाकडची बाजू आधी सुकते आणि आखडते, खालची बाजू अजून ओली आणि पसरलेली असते, त्यामुळे कडा वर उचलल्या जातात; म्हणूनच पापड वेळेवर उलटावा लागतो. ओट्यावर आडवा ठेवलेला ओला बोर्ड हेच करतो. त्याची वरची बाजू पंख्याच्या वाऱ्याने तासाभरात कोरडी होते, आणि ग्रॅनाइटला चिकटलेल्या खालच्या बाजूला वारा मिळतच नाही. बोर्ड पापडासारखा सहज वाकू शकत नाही, म्हणून तो ताण त्याच्या सांध्यांवर येतो. त्यातच एखादी पट्टी बांबूच्या बाहेरच्या, दाट तंतूंच्या भागातली असते, तर तिच्या शेजारची आतल्या, विरळ भागातली. दोघी सारख्या मापाने फुगत नाहीत, आणि मधल्या डिंकाला दोन्हीकडून ओढ बसते. एका धुण्याने काही होत नाही, पण दिवसातून तीनदा, वर्षभर, हे चालत राहते. तार एकाच जागी पुन्हापुन्हा वाकवल्यावर जशी तुटते, तसा एखादा सांधा एके दिवशी सुटतो, आणि आपल्याला वाटते की बोर्ड अचानक उकलला.

आणखी एक जागा लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. बोर्डच्या दोन आखूड कडांवर टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतात. बांबू उभा होता तेव्हा मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या त्या नळ्या होत्या, आणि कापल्यावरही त्यांची तोंडे उघडीच असतात. बोर्डच्या सपाट पृष्ठभागातून पाणी सावकाश मुरते, पण या कडांतून ते भराभर आत ओढले जाते. बोर्ड उभा करून वाळवणारेसुद्धा तो कित्येकदा नेमका याच आखूड कडेवर, भांड्यांच्या जाळीखाली साचलेल्या पाण्यात, उभा करतात. मग तडा तिथूनच सुरू होतो. बोर्ड उभा करायचा तो लांब कडेवर, आणि कोरड्या जागी.

आपल्याकडचा पावसाळा

हवेतील आर्द्रता ५० टक्के असेल, तर लाकूड आपल्यात सुमारे ९ टक्के ओल धरून ठेवते. आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास जाते. बांबूचे गणितही याच्या जवळपासचे आहे. खाडीकाठच्या ठाण्यात, वाशीत किंवा नेरूळमध्ये जून ते सप्टेंबर हवा बहुतेक वेळ दमट असते, आणि स्वयंपाकघरात कुकरची वाफ तर ड्राय बाल्कनीत ओले कपडे असतात. म्हणजे बोर्ड न धुताही फुगलेला असतो, आणि धुतला तर त्यातले पाणी बाहेर पडायला कोरडी हवाच मिळत नाही. सतत ओलसर राहिलेल्या पृष्ठभागावर अन्नाचे सूक्ष्म कण असले की बुरशी धरते. काळे ठिपके ते हेच.

उपाय साधा आहे, फक्त तो रोज करावा लागतो. भांडी घासण्याचा साबण आणि मऊ स्पंज यांनी बोर्डच्या दोन्ही बाजू धुवाव्यात, एकच बाजू वापरली असली तरीही, म्हणजे दोन्ही सारख्या भिजतात. लगेच कोरड्या फडक्याने पुसून, भिंतीपासून चार बोटे दूर, लांब कडेवर उभा करावा. पावसाळ्यात रात्री पंख्याखाली ठेवावा. सिंकमध्ये भिजत घालू नये, डिशवॉशरमध्ये कधीही लावू नये, आणि लवकर वाळावा म्हणून गॅसजवळ किंवा दुपारच्या कडक उन्हातही ठेवू नये, कारण एकाच बाजूने झपाट्याने वाळणे हा पुन्हा पापडाचाच प्रकार झाला. हळदीचा डाग पडला असेल, तर मात्र सकाळचे कोवळे ऊन अर्धा तास दाखवावे आणि मध्ये एकदा बोर्ड उलटावा. हळदीतला पिवळा रंग उजेडात फिका पडतो. कांदा-लसणाचा वास जायला जाडे मीठ आणि लिंबाची फोड चोळणे पुरते.

"बांबू कठीण असतो, मग सुरी बोथट होत नाही का?"

थोडी होते, हे मान्य करायला हवे. लाकडाचा कठीणपणा मोजण्याची एक प्रचलित पद्धत आहे. ११.२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी अर्धी रुतवायला किती जोर लागतो, ते पाहतात. या मापावर सागवान सुमारे १,०७० पौंड भरते, तर बांबूच्या पट्ट्या साधारण १,३०० ते १,४०० पौंड. शिवाय गवताच्या कुळात सिलिका, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, सूक्ष्म प्रमाणात असतो; भाताची पात हाताला कशी कापते हे शेतात वावरलेल्यांना ठाऊक आहे.

तिसरे कारण तंतूंच्या दिशेत आहे. मटणाच्या दुकानात चिंचेचा ओंडका असतो, तो झाड आडवे कापून काढलेला असतो, म्हणजे त्याचे तंतू वरच्या दिशेने उभे असतात. उभ्या धरलेल्या खराट्याच्या काड्यांत सुरी शिरावी तसे पाते तंतूंमध्ये शिरते आणि बाहेर आल्यावर तंतू बऱ्याच अंशी मिटतात. बांबूच्या नेहमीच्या बोर्डात तंतू आडवे झोपलेले असतात आणि पाते त्यांना छेदत जाते, त्यामुळे खुणाही उमटतात आणि धारही अधिक झिजते. तरीही ही झीज काच, ग्रॅनाइट किंवा हल्ली लोकप्रिय झालेले स्टीलचे बोर्ड यांच्यापुढे किरकोळ आहे. काचेवर आणि दगडावर धार काही दिवसांत जाते. नेहमीच्या घरगुती सुरीला बांबू चालतो. अतिशय कठीण पोलादाची, बारीक धारेची महागडी जपानी सुरी असेल, तर तिच्यासाठी मऊ लाकडाचा बोर्ड घ्यावा.

नारळ फोडणे, हाडे तोडणे, कोयत्याने घाव घालणे ही कामे बांबूच्या बोर्डवर करू नयेत. तो आडवे दडपण सहन करतो, पण तंतूंच्या दिशेने बसलेला घाव त्याला सरळ चिरतो.

"त्यातला डिंक पोटात जात नाही का?"

ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर डिंकावर अवलंबून आहे. अशा जोडकामात युरिया किंवा मेलामाइन यांच्याबरोबर फॉर्मल्डिहाइड वापरून केलेले डिंक सर्रास वापरले जातात. फॉर्मल्डिहाइड हा तीव्र वासाचा वायू आहे आणि तो मोठ्या प्रमाणात घातक आहे. नीट पक्क्या झालेल्या डिंकातून तो फार कमी सुटतो; घाईने, स्वस्तात केलेल्या कामातून अधिक सुटतो. युरियाचा डिंक पाण्याला आणि उष्णतेला लवकर हार जातो, मेलामाइनचा जास्त टिकतो. म्हणून बोर्डवर गरम कढई ठेवू नये हा नियम केवळ डाग पडू नये म्हणून नाही.

वेष्टनावर डिंकाचा प्रकार लिहिलेला असेल, तर तो विक्रेता काही लपवू पाहत नाही असे मी समजतो. नवा बोर्ड पिशवीतून काढताच डोळ्यांना झोंबणारा रासायनिक वास आला आणि दोन दिवस हवेशीर ठेवूनही गेला नाही, तर तो परत करावा.

इथे एक गोंधळ दूर करणे गरजेचे आहे. 'बांबू फायबर' नावाने विकले जाणारे कप, ताटल्या आणि काही बोर्ड यांत बांबूची भुकटी असते, पण ती धरून ठेवणारा पदार्थ मेलामाइनचे प्लास्टिक असतो. युरोपीय संघाने २०२१ साली अशा वस्तूंविरुद्ध मोहीम हाती घेतली, कारण अशी भुकटी मिसळलेले प्लास्टिक अन्नासाठी वापरायला तिथे मान्यता नाही. ज्यात कामट्यांच्या रेषा उघड दिसतात तो बोर्ड वेगळा, आणि एकसारख्या रंगाचा गुळगुळीत 'फायबर' वेगळा.

"बांबूत जंतू मुरतात, त्यापेक्षा प्लास्टिक बरे नाही का?"

अनेक वर्षे हाच समज होता. डीन क्लायव्हर या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात तो तपासून पाहिला. नवे, गुळगुळीत प्लास्टिक सहज स्वच्छ होते, पण सुरीच्या चरांनी भरलेले प्लास्टिक हाताने घासून स्वच्छ होणे कठीण जाते, विशेषतः त्यात कोंबडीची चरबी अडकली असेल तर. लाकडात जंतू पृष्ठभागाखाली ओढले जातात, तिथे ते वाढत नाहीत आणि हळूहळू मरतात, असे त्यांना दिसले. हे प्रयोग मुख्यतः लाकडावरचे आहेत, पण बांबू बहुतेक लाकडांपेक्षा कमी पाणी शोषतो, ही त्याची जमेची बाजू आहे.

'बांबू नैसर्गिकरीत्या जंतुनाशक असतो' या वेष्टनावरच्या वाक्यावर मात्र मी विसंबणार नाही. उकळलेल्या, वाळवलेल्या आणि डिंकाने जोडलेल्या पट्टीकडून औषधाचे काम अपेक्षित धरून धुण्यात ढिलाई करणे धोक्याचे आहे. घरात मासे आणि चिकन होत असेल, तर त्यासाठी वेगळा बोर्ड हवा. बाजारात कोळणीकडून मासे कापून आणले, तरी घरी तुकडे साफ करायला बोर्ड लागतोच, आणि त्याच बोर्डवर नंतर कोशिंबिरीची काकडी चिरली जाऊ नये. कच्च्या मांसाचा बोर्ड धुतल्यावर अधूनमधून चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, बिनवासाचे ब्लीच घालून त्या पाण्याने पुसावा, काही मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावा आणि वाळवावा.

विकत घेताना

दुकानात बोर्ड काचेच्या काउंटरवर ठेवून चारी कोपरे दाबून पाहावेत. नवा असतानाच डुगडुगणारा बोर्ड पुढे सुधारत नाही. कडांवरून नख फिरवावे, एखाद्या सांध्यात ते अडकले तर तो बोर्ड ठेवून द्यावा. दीड ते दोन सेंटिमीटर जाडी असावी. रस धरणारी खाच खोल असेल, तर तेवढ्या भागात जाडी कमी होते, हे लक्षात ठेवावे. गडद तपकिरी बोर्ड रंगवलेले नसतात; बांबू दाबाखाली वाफवल्यामुळे त्यातली साखर करपून तो रंग येतो. तो दिसतो सुंदर, पण फिकट बोर्डपेक्षा थोडा मऊ असतो.

हा बांबू आपल्याकडचा का नसतो, असेही विचारले जाते. सिंधुदुर्गात माणगा नावाचा, जवळपास भरीव आणि बिनकाट्याचा उत्तम बांबू होतो. पण १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाडांत मोडत होता, त्यामुळे तोडणी आणि वाहतुकीवर निर्बंध होते. २०१७ च्या दुरुस्तीने वनजमिनीबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून वगळला गेला. कोकणातल्या बांबूचे बोर्ड ठाण्याच्या बाजारात सहज मिळावेत, असे मला मनापासून वाटते.

तेल कोणते लावावे

तेल लावण्याचा हेतू चकाकी हा नाही. तेल त्या उघड्या नळ्या भरते, म्हणजे पाण्याला जागा उरत नाही. शेंगदाणा, सूर्यफूल किंवा मोहरीचे तेल लावू नये. ते हवेने चिकट आणि खवट होते. खोबरेल यांपेक्षा बरेच सावकाश खवटते, त्यामुळे दुसरे काही नसेल तर चालते, पण दमट दिवसांत त्याचाही वास येऊ लागतो. सर्वांत निर्धोक म्हणजे औषधांच्या दुकानात मिळणारे 'लिक्विड पॅराफिन आय. पी.'. ते पोटात घेण्याच्या दर्जाचे असते आणि खवट होत नाही. रंगाच्या दुकानातले 'उकळलेले' जवसाचे तेल मात्र मुळीच वापरू नये, कारण ते लवकर सुकावे म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

बोर्ड पूर्ण एक दिवस वाळू द्यावा. मग दोन्ही बाजूंना आणि चारी कडांना तेल चोळावे, आखूड कडांना दोनदा. रात्रभर तसाच उभा ठेवून सकाळी पुसावा. नव्या बोर्डला असे तीन-चार हात द्यावेत, पुढे महिन्यातून एकदा, आणि मेअखेर, पाऊस लागण्यापूर्वी, एकदा आवर्जून. गरज आहे की नाही हे पाण्याचा थेंब सांगतो. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर तेल पुरेसे आहे, पसरून मुरला तर वेळ झाली आहे.

केव्हा काढून टाकावा

सुरीच्या खुणा आणि उथळ ठिपके पॉलिश पेपरने जातात. आधी १२० नंबर, मग २२०, तंतूंच्या दिशेने, तोंडावर फडके बांधून, आणि नंतर पुन्हा तेल. घासूनही काळे डाग तसेच राहिले, तर बुरशी खोल गेली आहे. सांधा एवढा सुटला की त्यात नख शिरते, तर आत अडकलेले अन्न कोणत्याही उपायाने निघणार नाही. तो घरातल्या पांढऱ्या डिंकाने पुन्हा चिकटवण्याचा मोह टाळावा, कारण तो पाण्यात टिकत नाही आणि अन्नासाठी बनवलेलाही नसतो. माझा उकललेला बोर्ड मी चिकटवला नाही. त्याचे दोन भाग आता खिडकीतल्या कुंड्यांखाली आहेत.